नव्या घरातलं पहिलं वरण

नव्या घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात वरण नीट शिजलं नाही, तर बहुतेक वेळा डाळीलाच बोल लावला जातो. वाणी बदललेला असतो, डाळ नवी आणलेली असते, त्यामुळे संशय तिच्यावर जाणं साहजिक आहे. पण कुकरच्या चार शिट्ट्या होऊनही दाणा वेगळा राहत असेल, कितीही घोटलं तरी वरण एकजीव होत नसेल आणि वर नुसतं पिवळं पाणी तरंगत असेल, तर आधी नळाकडे पाहावं. जुन्या घरी धरणाचं पाणी यायचं, नव्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं येतं. तेवढ्यानं डाळीचं सगळं गणित बदलतं.

डाळीच्या दाण्यातल्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा एक पदार्थ असतो, पेक्टिन. डाळ शिजते तेव्हा मुख्यतः हे पेक्टिन उष्णतेनं सुटतं, पाण्यात विरघळतं आणि पेशी मोकळ्या होतात. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले, की कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना आणखी घट्ट बांधून टाकतं. मग दाणा आतून गरम होतो, फुगतो, पण विरघळत नाही. दख्खनच्या पठारावरचं बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांमधून झिरपत येतं आणि वाटेतले क्षार बरोबर घेतं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा इथलं साठवलेलं पावसाचं पाणी मिळतं. ते हलकं. म्हणून मुंबईत आयुष्य काढलेल्या गृहिणीचं वरण पुण्याच्या नव्या उपनगरात बिघडतं, आणि तिचं काहीच चुकलेलं नसतं. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) पाण्याच्या एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. या दोन आकड्यांमधलं पाणी प्यायला चालतं, पण डाळ त्यात हट्ट करते.

जड पाणी ओळखायला यंत्र लागत नाही. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठावर पांढरी रेघ धरते, चहावर पातळ तवंग येतो. उपायही घरातलेच आहेत. यातला काही जडपणा पाणी उकळल्यावर तळाला पांढऱ्या थरात बसतो. ते पाणी निवू द्यावं आणि वरचंवरचं डाळीसाठी घ्यावं. कडधान्य भिजवताना पाण्यात थोडं मीठ घातलं, तर मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि दाणा लवकर मऊ होतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. त्यानं डाळ शिजते खरी, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून रोज तो मार्ग धरू नये. आणि चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावं. आंबटपणातही पेक्टिन सहज सुटत नाही. आमटी करताना आधी डाळ घोटायची आणि मग चिंचेचा कोळ घालायचा, हा आपल्या आज्यांचा क्रम या कारणानं अचूक आहे.

पाण्यानंतर उंची. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं आणि दर तीनशे मीटर चढलं की उकळबिंदू साधारण एका अंशानं उतरतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला ९५-९६. हा फरक उघड्या पातेल्यात भात करताना किंचित जाणवतो. पण लेहला, साडेतीन हजार मीटरवर, पाणी ८८ अंशांनाच उकळ्या फोडतं. तिथं बदली झालेल्या कुटुंबांना उघड्या भांड्यात राजमा शिजवण्याची आशा सोडावी लागते. कुकरची शिट्टी ही एक वजनी झडपच असते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात वाढेपर्यंत ती वाफ अडवून धरते. समुद्रकाठी त्यामुळे आतलं तापमान १२० अंशांपर्यंत जातं, लेहमध्ये सुमारे ११४ पर्यंत. म्हणजे कुकर असूनही तिथं वेळ वाढवावाच लागतो. दनी पापँ नावाच्या फ्रेंच संशोधकानं १६७९ मध्ये या तत्त्वाचं पहिलं भांडं केलं, ते हाडं मऊ करण्यासाठी. आपल्याकडं मात्र त्या तत्त्वानं वरणभाताचा जम बसवला.

हे सगळं सांगण्यामागं माझा एक ठाम आग्रह आहे. नव्या घरात पहिला महिना-दीड महिना स्वयंपाक साधा असावा आणि रोज घरी व्हावा. वरणभात, पोळी, एक भाजी, ताक. साध्या पदार्थात घटक दोन-चारच असतात, म्हणून काही बिघडलं तर कारण सापडतं. वरण शिजलं नाही तर पाणी, पोळी वातड झाली तर गहू, दही लागलं नाही तर हवा. दहा मसाल्यांची रस्साभाजी बिघडली तर काय शोधायचं? आणि महिनाभर बाहेरून डबा मागवला, तर त्या जागेचं पाणी, हवा, बाजार, दळण यातलं काहीच आपल्या हाताला कळत नाही. खोकी उघडून कपाटं लागतात, पण घर परकंच राहतं. साधेपणा हा इथं काटकसरीचा प्रश्न नाही, जागा शिकून घेण्याची ती सगळ्यांत सोपी रीत आहे.

अगदी पहिल्या दिवशी मात्र चूलही पेटलेली नसते. गॅसचं कनेक्शन यायचं असतं, भांडी कुठल्या खोक्यात आहेत ते कुणालाच आठवत नसतं. अशा दिवसासाठी मराठी घरात पोहे असतात. पोहे म्हणजे आधीच शिजवलेलं धान्य. साळ भिजवून, तापवून, मग दाबून चपटी करतात. या प्रक्रियेत तांदळातला स्टार्च शिजून तयार झालेला असतो, म्हणून पोहे नुसते भिजवले तरी पचतात. दही-पोहे, दूध-गूळ-पोहे किंवा ओल्या नारळात दडपून ठेवलेले पातळ पोहे. यांना आगीची गरज नाही, फार तर पळीभर फोडणीची.

पोह्यांचा असा उपयोग एका समाजानं समुद्रापार नेला. कोकणातले बेने इस्रायली ज्यू, ज्यांची घरची भाषा मराठी, १९४८ नंतर मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. त्यांच्यात मलिदा नावाचा विधी आहे. प्रेषित एलियाहू हनाबीचं स्मरण करून आभार मानायचे, आणि ताटात भिजवलेले गोड पोहे, खोवलेलं खोबरं, खजूर आणि फळं मांडायची. लग्न, मूल, नवं घर अशा प्रसंगी हा मलिदा होतो. रायगड-अलिबागकडच्या गावांतून निघालेला पदार्थ हजारो किलोमीटरवरच्या नव्या वस्तीत घर मांडताना आजही केला जातो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घरचं खाणं बरोबर घेऊन परक्या गावी राहायला जाण्याचा आपला सर्वांत मोठा अनुभव मुंबईच्या गिरण्यांचा आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये इथली पहिली कापडगिरणी उभारायला घेतली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर भागांतली माणसं परळ-लालबागच्या चाळींत येऊन राहिली. एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपणारी दहा-पंधरा माणसं. बायकामुलं गावीच. कोकणातून येणाऱ्या गाठोड्यात काय असायचं ते पाहिलं, तर टिकाऊपणाचं उत्तम शास्त्र दिसतं. उकडे तांदूळ, सुके बोंबील आणि सोडे, मालवणी मसाला, आमसुलं, आणि कुळथाचं पीठ. कुळीथ भाजून, भरडून, दळून ठेवतात. भाजल्यानं त्यातला ओलावा जातो, कीड लागत नाही आणि कच्चा वासही जातो. मग लसणीच्या फोडणीत पाणी घालायचं, उकळी आली की कालवलेलं पीठ सोडायचं, एक आमसूल टाकायचं. पाच-सात मिनिटांत पिठी तयार. एक स्टो, एक पातेलं, भाजीबाजाराची गरज नाही, आणि प्रथिनं भरपूर. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला याहून नेमकं अन्न कुणी सुचवून दाखवावं. देशावरच्या घरांत हेच काम मेतकूट करतं. हरभऱ्याची डाळ, उडीद, तांदूळ, गहू, धणे-जिरे, मेथ्या वेगवेगळं भाजून दळलेलं, हळद-हिंग-सुंठ घातलेलं. मऊ भात, तूप, मेतकूट, मीठ. आजही शिकायला किंवा नोकरीला परगावी निघालेल्या पोराच्या बॅगेत त्याची बरणी जाते, ती योग्यच आहे.

ज्यांना स्वतः शिजवणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी खाणावळी होत्या. चाळीतल्या बायका आपल्या खोलीत दहा-वीस कामगारांना महिनेवारीवर जेवू घालत. सावकाराकडून महाग व्याजानं पैसे घेऊन वाणसामान भरत. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुढं १९८२ चा गिरणी संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव हळूहळू मोडलं. तोवर शंभरावर वर्षं हे शहर उभं राहिलं ते या स्वयंपाकघरांच्या जोरावर. कामगारांच्या इतिहासात खाणावळवाल्यांना अजून हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात येऊ. डाळीपाठोपाठ नव्या घरात अडतं ते दही. दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू विरजणात असतात. आम्ल वाढत जाऊन सामू ४.६ च्या जवळ पोचला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांत गुंतून जाळं धरतं. त्यालाच आपण दही लागलं म्हणतो. या जिवाणूंचं काम तापमानावर चालतं. बोटाला सोसेल इतक्या कोमट दुधात विरजण लावलं आणि ती ऊब टिकली, तर मुंबईच्या मे महिन्यात चार-पाच तासांत दही तयार. तेच निफाडच्या जानेवारीत रात्रभर ठेवूनही दूधच राहतं, कारण पहाटे पारा दहाच्याही खाली जातो आणि पातेलं थंडगार पडतं. मग भांडं कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचं. धान्य उष्णता धरून ठेवतं. परदेशातल्या मराठी घरांत ओव्हनचा फक्त दिवा लावून आत भांडं ठेवतात, तेही याच कारणासाठी. दूध नुसतं कोमट करून भागत नाही, आधी चांगलं तापवून मग निववावं. ८० अंशांच्या वर दुधातली दुसरी प्रथिनं उलगडतात, केसीनला जाऊन चिकटतात आणि दही घट्ट होतं, पाणी कमी सुटतं.

विरजण शेजारून आणावं. दुकानातल्या दह्यानंही लागतं, पण शेजारच्या घरातलं विरजण त्या हवेत, त्या गावच्या दुधात रोज लागत आलेलं असतं आणि ते सहसा दगा देत नाही. शिवाय वाटी घेऊन दार वाजवायला याहून चांगलं निमित्त नाही. ती वाटी रिकामी परत करायची नसते, हेही नव्या पिढीला सांगून ठेवायला हवं.

दही लागलं की ताक, लोणी, तूप ओघानं येतं. साय साठवून आठवड्यातून एकदा घुसळली तरी पुरतं. लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून ते बाहेर टिकत नाही. कढवताना ते पाणी उडून जातं, तडतड थांबते, तळाशी बेरी तांबूस होते आणि खमंग वास सुटतो. पाणी गेलं की जिवाणूंना जगायला आधार उरत नाही. तूप म्हणूनच फ्रिजशिवाय राहतं. ज्या घरात फ्रिज यायला अजून अवकाश आहे, तिथं ही माहिती सोन्याची आहे.

हवेचा दुसरा धडा माठ शिकवतो. मातीच्या भांड्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगावरून उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी असं उडायला जवळजवळ ५८० कॅलरी उष्णता लागते. पण पाणी उडायला हवा कोरडी हवी. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असताना माठातलं पाणी पंधरा-सोळा अंशांनी खाली येऊ शकतं. मुंबईच्या दमट हवेत चार-पाच अंशांच्या पुढं फरक पडत नाही. विदर्भातून कोकणात राहायला आलेल्या घरानं माठ चांगला नाही म्हणून कुंभाराला दोष देऊ नये. आणि जड पाणी असेल, तर क्षार बसून माठाची छिद्रं बुजतात. तो बाहेरून नारळाच्या शेंडीनं, साबण न लावता, अधूनमधून घासावा. दमट गावी मीठ पाझरतं, पापड सादळतात, पोहे मऊ पडतात. तिथं घट्ट झाकणाचे लहान डबे घ्यावेत.

नव्या वस्तीत सर्वांत आधी शोधावी असं मी सांगेन ती जागा म्हणजे पिठाची गिरणी. गव्हाचं पीठ महिनाभर राहिलं तरी पोळी होते, कारण गव्हातलं ग्लुटेन कणकेला ताण देतं. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नाही. भाकरी थापता येते ती ताज्या पिठाच्या चिकटपणावर आणि गरम पाण्यावर. उकळतं पाणी घातलं की पिठातला थोडा स्टार्च शिजून खळ धरतो आणि तिच्यामुळं भाकरी एकसंध राहते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात आणि तव्यावर टाकताना ती मोडते. बाजरीचं तर त्याहून नाजूक. तिच्यात तेलाचं प्रमाण ज्वारीपेक्षा जास्त, दळल्यावर ते तेल हवेला उघडं पडतं आणि काही दिवसांत पीठ कडवट होतं. म्हणून पाकिटातल्या पिठाची भाकरी करून पाहून हात बसत नाही असं ठरवून टाकू नये. दोन किलो ज्वारी आणावी, मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर उत्तमच, आणि आठवड्यापुरती दळून आणावी. गिरणीत उभं राहिलं की शेजारीपाजारी काय खातात, कुठल्या दुकानात धान्य चांगलं मिळतं, कोण शिकवणी घेतं, बाई कोणाकडं मिळेल, हे सगळं दळण होईपर्यंत कळतं.

भाताचंही तसंच. गावागणिक तांदूळ बदलतो. मावळात इंद्रायणी, जी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं दिलेली जात आहे. मुळशीकडं आंबेमोहोर, वाड्याला आणि विदर्भात कोलम, कोकणात उकडा. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकट होतो, वर्षभर ठेवलेला मोकळा होतो आणि त्याला पाणी जास्त लागतं. त्यामुळं जुन्या घरचं दीडपट-दुप्पट पाण्याचं माप नव्या पोत्याला लागू पडेलच असं नाही. एक वाटी ठरवून घ्यावी, तीच रोज वापरावी, आणि पहिल्या आठवड्यात पाणी किती लागलं ते लिहून ठेवावं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि घराघरांत पोचलं, त्याचं मोठं श्रेय त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांना आहे. माहेर सोडून लांब शहरात संसार मांडलेल्या मुलींना अंदाजपंचे सांगणारं कुणी जवळ नव्हतं. त्यांच्या हाताशी असलेल्याच वाटीत मोजता येईल अशा पाककृती त्यांना मिळाल्या.

भांडी किती लागतात? माझ्या हिशेबानं फारच थोडी. एक कुकर, दोन पातेली, एक लोखंडी कढई, एक तवा, पोळपाट-लाटणं, विळी किंवा सुरी, मिसळणाचा डबा, खलबत्ता, परात. बाकीचं गरज पडेल तसं येतं, आणि गरज पडत नाही असंही बरेचदा दिसतं. नव्या लोखंडी किंवा बिडाच्या तव्याला पहिल्या दिवशी डोसे-घावन चिकटणारच. तो घासून, तापवून, तेलाचा पातळ हात देऊन पुन्हा तापवावा, असं तीन-चार वेळा करावं. तापल्यावर तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन धातूवर गुळगुळीत काळा थर धरतात. मग साबणानं खसाखसा घासून तो थर उतरवायचा नाही. लोखंडाच्या कढईत शिजवलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं, आंबट पदार्थात अधिक. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे हे पाहता ही कढई काढून टाकायची घाई करू नये. सासर-माहेरहून आलेली पितळी पातेली असतील, तर त्यांना कल्हई हवीच. पितळेतलं तांबं आंबटात विरघळतं आणि ते बाधतं. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ मुलामा. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कापसानं ते फिरवता येतं. कल्हईवाले आता मोजकेच उरले आहेत. आपल्या भागात एखादा सापडला तर सगळ्या इमारतीची भांडी एकदम काढून त्याला द्यावीत, म्हणजे त्याचंही चालेल.

साठवणीच्या बाबतीत मात्र मी जुन्या रीतीपासून थोडी बाजूला जाते. वर्षाचे गहू, वर्षाची डाळ उन्हाळ्यात भरून ठेवण्याची पद्धत मोठ्या घरांची, गच्ची-अंगणाची आणि कडक उन्हाची होती. धान्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या खाली गेला की ते टिकतं, आणि तिथवर न्यायला ऊनच लागतं. नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन किती येतं हे एक उन्हाळा काढल्याशिवाय कळत नाही. तोवर महिन्याचंच भरावं. तूरडाळीला एरंडेलाचा हात, तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला, रवा आणल्या आणल्या भाजून ठेवणं, एवढं केलं की पावसाळाही निभावतो. भाजल्यानं रव्यातली किड्यांची अंडी मरतात, हा त्यातला खरा फायदा.

आणि मग एक दिवस घरानं लोणच्याचा विचार करावा. तो पहिल्या महिन्यात नको, पहिला उन्हाळा आला की. तोवर पाण्याची, हवेची, उन्हाची ओळख झालेली असते, मंडईत पाडाच्या नाहीत अशा करकरीत कैऱ्या कुणाकडं मिळतात ते ठाऊक असतं. लोणचं टिकतं ते तीन गोष्टींवर. फोडींच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के मीठ, जे फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि जिवाणूंनाही जगू देत नाही. कैरीचा मूळचा आंबटपणा. आणि वरचा तेलाचा थर, जो हवा अडवतो आणि बुरशी येऊ देत नाही. मोहरीची डाळ ओली होऊन फेसली जाते तेव्हा तिच्यातला झणका तयार होतो. हे काम तिच्यातलं एक विकर करतं आणि कडकडीत तेलानं ते मरतं. म्हणून फोडणी पूर्ण निवल्यावरच लोणच्यावर ओतायची. फोडी धुऊन कापडावर पसरून पार कोरड्या करायच्या, बरणी उन्हात तापवून घ्यायची, हात आणि पळी कोरडी. दमट गावी पंख्याखाली एक रात्र जास्त ठेवली तरी चालेल. भरल्यावर पहिले पंधरा दिवस रोज एकदा तळापासून हलवावं, म्हणजे मिठाचं पाणी सगळ्या फोडींना लागतं. तेल फोडींच्या वर बोटभर नसेल, तर आणखी थोडं तापवून, निववून ओतावं.